कुलूप पटकन उघडतं पण पैशांवरून वाद होतो? चावीवाल्यांनो, या चुका टाळा

दार बंद असतं तोपर्यंत गिऱ्हाईक म्हणतं "काय व्हायचे ते घ्या पण आधी उघडा", आणि दार उघडलं की तेच गिऱ्हाईक म्हणतं "एवढे कशाचे? दोन मिनिटं पण लागली नाहीत." माणूस तोच, दार तेच, मधे फक्त लॉकचा एक खट्ट आवाज झालेला असतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी आणि गरज सरो वैद्य मरो, या दोन्ही म्हणी आपल्या धंद्यात पाच मिनिटांच्या अंतराने बघायला मिळतात.

बरीच वर्षं हे काम केल्यावर माझं एक मत पक्कं झालंय, की पैशांचा वाद दिसतो दार उघडल्यावर पण लागतो फोनवरच. आणि योग्य भाव कुठला, तर जो आकडा बंद दारासमोर सांगताना आपली जीभ अडखळत नाही आणि उघड्या दारात ऐकताना गिऱ्हाईकाला फसल्यासारखं वाटत नाही तो. बंद दाराचा भाव वेगळा आणि उघड्या दाराचा वेगळा असं ज्याचं चालतं त्याचे वाद कधीच संपत नाहीत.

फोनवर "येऊन बघतो मग सांगतो" म्हणणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि करतो सगळेच, कारण सोपं पडतं. आपल्याला वाटतं आकडा सांगितला तर गिऱ्हाईक दुसऱ्याला फोन करेल. करू दे की. पण न सांगता गेलात तर तिथे पोचल्यावर जो काही आकडा सांगाल तो त्याला मनमानीच वाटणार, कारण तो बाहेर उभा आहे, त्याचा फोन बंद पडत आलाय आणि "नाही परवडत, जा" म्हणायची त्याची सोय राहिलेली नाही.

फोनवर चार प्रश्न विचारले की काम बऱ्यापैकी कळतं. चावी आत राहिलीय की हरवलीय? दार नुसतं ओढलं गेलंय की चावी फिरवून लॉक केलं होतं? चावी आत तुटलीय का? आतून कडी लागलीय का? आणि वर लॉकचा एक फोटो मागवायचा. यातला दुसरा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि खरा फरक तिथेच पडतो. नुसत्या ओढल्या गेलेल्या दारात लॅचची तिरकी जीभ फक्त स्प्रिंगवर बाहेर आलेली असते, फटीत पातळ प्लॅस्टिक जात असेल तर ती मागे सरकवता येते आणि लॉकला ओरखडाही पडत नाही. चावी फिरवून लॉक केलेलं असेल तर मात्र सिलिंडरशीच, म्हणजे चावी जिथे घालून फिरवतो त्या भागाशीच झगडावं लागतं, साध्या सिलिंडरमध्ये पाच-सहा पिना असतात, त्यातली प्रत्येक नेमक्या उंचीवर आणल्याशिवाय तो फिरत नाही, आणि हाय सिक्युरिटीचा असेल तर बऱ्याचदा पिना बाजूनेही असतात. हा फरक फोनवर दोन वाक्यांत समजावला तर कामानुसार पैसे का बदलतात ते गिऱ्हाईकाला आपोआप कळतं.

मग मेसेज टाकायचा. फोनवर बोललेलं पुरत नाही, मेसेजच टाकायचा. नुसतं ओढलेलं असेल तर इतके, पिक करावं लागलं, म्हणजे न तोडता हत्याराने पिना जुळवून उघडावं लागलं, तर इतके, ड्रिल करून सिलिंडर बदलावा लागला तर नव्या सिलिंडरसकट जास्तीत जास्त इतके, येण्याचे यात धरलेत की वेगळे, रात्रीचे जादा किती, आणि मी निघाल्यावर चावी सापडली किंवा माझ्याकडून उघडलंच नाही तर फक्त येण्याचे किती. "जास्तीत जास्त" हा शब्द गाळू नका, गिऱ्हाईकाला भीती आकड्याची नसते, आकडा कुठे जाऊन थांबणार हे माहीत नसण्याची असते.

कमी आकडा सांगून बोलावणं आणि मग ड्रिल काढणं

याबद्दल मला खरंच राग आहे म्हणून स्पष्ट लिहितो. फोनवर अगदी किरकोळ आकडा सांगायचा, दारात गेल्यावर लॉककडे एकदा बघून "हे उघडणारं लॉक नाही, तोडावं लागेल" म्हणायचं, धडधाकट लॉक ड्रिल करायचं आणि वर नवीन हलकं लॉक महागात गळ्यात मारायचं, हा प्रकार जगभर चालतो आणि याच्यामुळे तुम्हीआम्ही सरळ काम करणारेही चोराच्या रांगेत उभे राहतो. गिऱ्हाईक आपल्याशी पहिल्या मिनिटापासून संशयाने बोलतं ना, ते अशाच कुणाकडून एकदा पोळलेलं असतं.

ड्रिल कधीकधी लागतंच. आतला भाग तुटलेला असतो, कुणीतरी आधी फेव्हिक्विकसारखं काही ओतलेलं असतं, सिलिंडर खरोखर भारी असतो. पण ड्रिल लावायच्या आधी तीन गोष्टी करा. लॉकचा फोटो काढा, का ड्रिल करावं लागतंय आणि त्याचे एकूण किती होतील ते सांगून होकार घ्या, आणि काम झाल्यावर जुना सिलिंडर त्यांच्या हातात द्या. तो जुना तुकडा हातात पडला की माणसाचं वागणं बदलतं, कारण लपवण्यासारखं काही नव्हतं हे त्याला तिथल्या तिथे दिसतं.

मिनिटांवरून पैसे मोजू देणं

सुरुवातीच्या काळातली गोष्ट आहे. एका गृहस्थांचं दार वाऱ्याने ओढलं गेलं होतं, पायात चप्पल नाही, हातात कचऱ्याची पिशवी तशीच, असे ते जिन्यात उभे होते. मी बॅग खाली ठेवली, पत्रा सरकवला आणि मिनिटभरात दार उघडलं. मग पैसे सांगितले. आकडा बरोबर होता, सगळ्यांकडून तेवढेच घ्यायचो. त्यांनी आत जाऊन पाकीट आणलं, उघडलं, आतल्या नोटांकडे बघत राहिले आणि काही न बोलता दिले. भांडले असते तर बरं वाटलं असतं मला. तो आकडा त्यांनी पहिल्यांदा ऐकला तो दार उघडल्यावर, आणि तो आधी न सांगणं ही चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून बॅगेची चेन उघडायच्या आधी, दारातच, मेसेजमधला आकडा परत एकदा तोंडी सांगतो आणि "चालेल ना?" विचारून थांबतो.

यावर काही जण उपाय काढतात की मुद्दाम वेळ लावायचा. दहा मिनिटं खुडबुड करायची, घाम पुसायचा, म्हणजे गिऱ्हाईकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. कृपा करून हे करू नका. हात बसला म्हणून काम लवकर होतं, त्याची लाज बाळगायची गरज नाही, आणि जास्त खुडबुडीत दाराला ओरखडे पडतात ते वेगळंच. आकडा कामाचा आहे, मिनिटांचा नाही, हे आधीच बोललेलं असलं की मिनिटं कुणी मोजत नाही.

याच्या उलट टोकाची एक जुनी हकिगत सांगतो. लंडनच्या ब्रामा कंपनीने आपलं एक कुलूप दुकानाच्या खिडकीत ठेवलं होतं, जो उघडेल त्याला २०० गिनी (तेव्हाचं ब्रिटिश चलन) असं लिहून. १८५१ मध्ये अमेरिकन कुलूपतज्ज्ञ हॉब्ज याने ते उघडलं, १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले त्याला. म्हणजे वेळ भरपूर लागला होता, तरीही कंपनीने पैसे द्यायला कुरकुर केलीच, उघडण्याची पद्धत अटीत बसते की नाही यावर वाद घातला. पण काम सुरू व्हायच्या आधी अटी ठरल्या होत्या आणि निवाड्याला पंच नेमलेले होते, त्यांनी हॉब्जच्या बाजूने निकाल दिला आणि पैसे मिळाले. आपल्याला पंच कुठून मिळणार, आपला पंच म्हणजे तो मेसेज.

लॉक तपासायच्या आधीच बदलायला घेणं

गिऱ्हाईक म्हणतं लॉक खराब झालंय बदलून द्या, आणि आपण देतो, कारण विक्री होते. पुढच्या पावसाळ्यात नवं लॉकही तसंच अडकायला लागतं आणि मग फोन येतो तो शिव्या घालायलाच. आधी दार उघडं ठेवून चावी फिरवून बघा. उघड्या दारात चावी लोण्यासारखी फिरते आणि दार लावल्यावर अडते, तर दोष लॉकमध्ये नाही, दार बसलंय किंवा बिजागरी सैल झालीय आणि लॉकची जीभ चौकटीतल्या पट्टीच्या भोकात नीट जात नाही. बिजागरीचे स्क्रू आवळा, नाहीतर ती पट्टी थोडी सरकवा किंवा भोक कानशीने मोठं करा, काम झालं. उघड्या दारातही चावी जड जात असेल तर दुसरी चावी लावून बघा, कारण बऱ्याचदा झिजलेल्या चावीवरूनच काढलेली डुप्लिकेट असते आणि तिच्यात मूळ चावीची झीज जशीच्या तशी उतरलेली असते. दोन्ही चाव्या जड गेल्या तर मग लॉक साफ करायचं, ग्रॅफाइटची पावडर मारायची, बदलण्याचा विषय सगळ्यात शेवटी.

पण या तपासणीचे पैसे घ्या! "लॉक चांगलं आहे" हे सांगणं हेही काम आहे. फुकट सांगायची सवय लावली की पुढे भरपाई म्हणून नको तिथे लॉक विकायचा मोह होतो, मी स्वतः ते अनुभवलंय.

गाडीच्या चावीचा एकच आकडा सांगणं

इथे वाद मोठे होतात कारण पैसेही मोठे असतात. १९९० च्या दशकापासून गाड्यांच्या चावीत चिप यायला लागली, त्यामुळे पातं हुबेहूब कापलं तरी दार उघडतं पण इंजिन चालू होत नाही. गिऱ्हाईकाच्या मनात मात्र "चावी" म्हणजे एकच वस्तू असते. म्हणून दार उघडण्याचे, पातं कापण्याचे, चिपसकट ब्लँकचे (न कापलेल्या कोऱ्या चावीचे) आणि प्रोग्रामिंगचे (ती चिप गाडीला ओळखवण्याचे) असे वेगवेगळे आकडे सांगा आणि खाली एकूण लिहा. एक तरी चालू चावी शिल्लक आहे का हे आधी विचारा, सगळ्याच हरवल्या असतील तर काम कितीतरी वाढतं. प्रोग्रामिंगच्या आधी डॅशबोर्डवर कुठले दिवे लागतायत त्याचा फोटो काढा आणि गाडीची बॅटरी तपासा, बॅटरी उतरलेली असताना प्रोग्रामिंग मधेच तुटू शकतं आणि मग "तुम्ही हात लावायच्या आधी गाडी ठीक होती" हे ऐकावं लागतं.

पैसे कोण देणार ते न विचारणं

"घरमालक देतील", "ऑफिसमधून येतील", "बिल्डिंगवाले बघतील". बोलावणारा एक, राहणारा दुसरा, पैसे देणारा तिसरा. माझा नियम साधा आहे, ज्याने बोलावलं त्याच्याकडून पैसे, त्याने पुढे कुणाकडून घ्यायचे ते त्याने बघावं, मी बिल व्यवस्थित लिहून देतो. ऑफिसची उधारी करायचीच असेल तर कामाआधी लेखी होकार घ्या. तसंच घर त्याचंच आहे याची खात्री पैशांच्या बोलण्याबरोबरच उरका, ओळखपत्र आत असेल तर दार उघडल्या उघडल्या दाखवायचं असं आधीच ठरवा. नवराबायकोच्या भांडणातून बोलावणं आल्यासारखं वाटलं तर पैशांचा विचार न करता थांबा, दोघांचं ऐकल्याशिवाय दाराला हात लावू नका.

एवढं करूनही वाद झालाच तर

आवाज न चढवता आधी मेसेज काढून दाखवा. आकडा तोच असेल तर बहुतेक लोक तिथेच गप्प होतात. आकडा वेगळा झाला असेल, म्हणजे तुम्ही पिकचा सांगितला आणि मधेच न विचारता ड्रिल केलं, तर चूक तुमची आहे, जो सांगितला तोच घ्या आणि वरचा तोटा सोसा. हे जड जातं पण दुसरा सरळ मार्ग नाही.

ठरलेले पैसे कुणी देतच नसेल तर रागाने बसवलेलं लॉक उखडून नेऊ नका, चाव्या खिशात घालून जाऊ नका. बहुतेक ठिकाणी कायद्यानेच तुम्ही अडकाल, आणि तसंही रात्रीच्या वेळी कुणाचं दार लॉकशिवाय सोडून जाणं आपल्या कामाच्या विरुद्ध आहे. बिल द्या, किती बाकी आहे ते मेसेजवर लिहा, दोन दिवसांनी आठवण करा, नंतर जी काही कायदेशीर सोय असेल ती वापरा. आणि पेमेंट केल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नाही, आपल्या खात्यावर जमा झालेलं दिसेपर्यंत शांतपणे थांबा, "नेटवर्क स्लो आहे, मी थांबतो" एवढंच म्हणायचं.

आता वर जे सगळं लिहिलंय ते एका वेळी बाजूला ठेवायचं. बंद गाडीत किंवा घरात लहान मूल अडकलंय, आत कुणी पडलंय, गॅसवर काही चालू राहिलंय. तेव्हा आकडा नाही, मेसेज नाही, ओळखपत्र नाही, फोन ठेवून निघायचं, आपल्याला पोचायला वेळ लागणार असेल तर अग्निशमन दलाला बोलवा नाहीतर काच फोडा असं त्यांनाच सांगायचं, काच नंतर बसवता येते. पैसे मागाहून, नेहमीचे, दिवसाचे, एक पैसाही जादा न लावता. माझ्या अनुभवात अशा वेळी पैशांवरून वाद घालणारं कुणी भेटलेलं नाही, एकदा एक आई पैसे द्यायचे विसरून मुलाला घेऊन तशीच निघून गेली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता तिचाच फोन आला, तुमचे किती झाले म्हणून.