आधी मानकरी ठरवा, मग देव

फॅन्टसी लिहायला घेतलेली नवी मंडळी बहुतेक वेळा देवांपासून सुरुवात करतात. वहीच्या पहिल्या पानावर बारा देव, त्यांची शस्त्रं, वाहनं, कोण कुणाचा मुलगा, कुणाचं कुणाशी वैर. सांगलीत आम्ही काही जण एकमेकांचं लिखाण वाचायला बसतो, तिथं अशा वह्या खूप येतात. मेहनत भरपूर घेतलेली असते. पण त्या जगातल्या एखाद्या म्हातारीनं नैवेद्य कुणाच्या हाती द्यायचा, तिला गाभाऱ्यात जाता येतं की उंबऱ्यावरूनच परत फिरावं लागतं, दानपेटीची किल्ली कुणाकडं, यातलं काहीच कळत नाही. मी क्रम उलटा ठेवतो. आधी मानकरी, मग पुजारी, देव सगळ्यात शेवटी.

याची शाळा आपल्याच दारात भरते. आषाढी वारीत ज्ञानोबारायांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्कामाला थांबते. तिथली समाजआरती तळावर उभं राहून बघाच. सगळ्या दिंड्यांचे टाळ एकदम वाजत असतात. चोपदार चोप उंचावतो आणि सगळं गप्प होतं. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर तिचे टाळ वाजतच राहतात. मग तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं, तोड निघते आणि तेव्हाच तिचे टाळ थांबतात. हरवलं-सापडलं पुकारून झालं की आरती. मला यात लेखकासाठी सोनं दिसतं: सत्ता एका काठीत आहे, आणि त्या सत्तेपुढं गाऱ्हाणं मांडायची रीतसुद्धा त्याच सोहळ्यात बसवलेली आहे. रथापुढं कुठली दिंडी, रथामागं कुठली, हेही नंबरानं ठरलेलं. सोहळ्याला ही शिस्त लावली हैबतबाबा आरफळकरांनी, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळच्या माणसानं. तुमच्या पंथातही असा घडी बसवणारा कुणीतरी होऊन गेलेला असणार. त्याचं नाव, गाव आणि त्याच्या वंशजांना आज कुठला मान मिळतो, हे देवाच्या जन्मकथेआधी लिहून काढा.

धार्मिक पद लिहिताना नुसती पदवी देऊ नका. त्या पदावरच्या माणसाला काय करायची मुभा आहे, काय करायची मनाई आहे आणि त्याची चूल कशावर पेटते, ही तीन उत्तरं तयार पाहिजेत. वाईला कृष्णामाईचा उत्सव एकेका घाटावर पाळीपाळीनं होतो. त्यावरून सुचलेलं माझं एक कथाविश्व आहे. तिथल्या नदीदेवीचा मुखवटा दरवर्षी एका घाटावर राहतो. घाट सात आणि सेवेकऱ्यांच्या पायऱ्या तीन: पायरीकर, उंबरेकर, गाभारकर. कोण कुठपर्यंत जाऊ शकतो, त्यावरून ही नावं. पायरीकराला नारळाची अर्धी भकल मिळते, गाभारकराला जमीन कसायला असते, पण त्याला नदी ओलांडायची बंदी आहे. एका पुरात चौथा घाट वाहून जातो. त्या वर्षीची पाळी नेमकी त्याचीच. आता मुखवटा कुणाकडं? पाचवा घाट म्हणतो, पाळी पुढं सरकली. चौथ्या घाटाची उठलेली माणसं म्हणतात, आम्ही राहतो तिथं आमचा घाट. या भांडणावरच पुढची सगळी गोष्ट उभी आहे. देवी त्यात अजून एक अक्षरही बोललेली नाही.

आता गूढाचा भाग. इथं नवे लेखक धुकं, प्रकाश आणि कुजबुजणारे आवाज यांत अडकतात. त्यापेक्षा शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबांची भाकणूक, म्हणजे येत्या वर्षाचं भाकीत होतं, ती ऐका. पाऊसपाणी, पीक, बाजारभाव यांवर ती बोलते. ऐकणाऱ्याचं पोट त्या शब्दांवर अवलंबून असतं, म्हणून जमलेला समाज कानांत प्राण आणून ऐकतो. तुमच्या भविष्यवेत्त्यालाही असंच नेमकं बोलू द्या. आणि ज्याच्या अंगात देव येतो तो माणूस आणि ज्याच्याकडं देवळाची किल्ली आहे तो माणूस, हे दोघं शक्यतो वेगळे ठेवा. पहिल्याला देव भेटतो, दुसऱ्याला वहिवाट ठाऊक असते. अंगात आलेल्यानं रात्री दार उघडायला सांगितलं, तर किल्लीवाल्यानं काय करायचं? खऱ्या-खोट्याची पारख कोण करणार, कुठल्या खुणेनं? हे ठरलेलं नसेल, तर चमत्कार दर दुसऱ्या प्रकरणात लेखकाची सोय म्हणून हजर होतो आणि वाचकाचा विश्वास उडतो.

देवाच्या कोपालाही मोजमाप हवं. सांगलीत पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढलं की पोरंटोरंसुद्धा आयर्विन पुलाजवळचे फूट बोलतात. 40 ला इशारा, 45 ला धोका. 2019 चा पूर बघितलेल्या माणसाला नुसता आकडा सांगितला तरी पुरतं. तो सामान माळ्यावर टाकायला लागतो. तुमच्या जगातल्या लोकांनाही देवाचा राग असाच टप्प्याटप्प्यानं ओळखता आला पाहिजे. कुठल्या खुणेला दिवा लावायचा, कुठल्या खुणेला गाव सोडायचं.

अभ्यासासाठी रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोंथायमर यांचं लोकदैवतांवरचं लिखाण वाचा. देव एका पंथातून दुसऱ्यात कसा जातो, धनगरांचा देव गावाचा कसा होतो, हे तिथं समजतं. मग चैत्रात शिखर शिंगणापूरला जा, मुंगी घाटातून कावडी चढताना बघा. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात बसा. तिथल्या माणसांना श्रद्धेबद्दल प्रश्न विचारत सुटू नका. त्यापेक्षा देवाच्या सेवेची पाळी कुणाकडं कधी येते, ती सेवा चुकली तर काय होतं, मान कुठल्या घराचा, हे विचारा. भरभरून बोलतात. चहा झाल्यावर सांगून टाका की मी गोष्टी लिहितो. खऱ्या देवाचं नाव आणि खऱ्या घराण्याचा मान मात्र जसाच्या तसा कथेत उचलू नका. लोकांची पूजा चालू आहे तिथं. घ्यायची ती रचना; नावं, मंत्र, मुखवटे स्वतः घडवा, आणि ती नावं मोठ्यानं उच्चारून बघा. यात्रेच्या गर्दीत ज्या नावाचं चांगभलं करता येत नाही, ते मी बदलतो.