मॅस्टोडॉनवरची रिकामी टाइमलाइन अशी भरली

मोठ्या प्लॅटफॉर्मवर ओळखीच्यांच्या पोस्ट शोधाव्या लागायच्या आणि अनोळखी लोकांची भांडणं मात्र आपसूक समोर यायची. वैतागून मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम गाठलं. तिथे उलटीच गत, टाइमलाइन रिकामी! २०१६ साली सुरू झालेल्या या मंचावर होम टाइमलाइन काळाच्या क्रमाने चालते. तुमच्या आवडीचा अंदाज बांधून मध्येच काही घुसवलं जात नाही. म्हणजे कोणाला फॉलो करायचं ते आपलं आपण बघायचं.

तोडगा हॅशटॅगमध्ये निघाला. विषय शोधायचा, त्याचा हॅशटॅग उघडायचा आणि तोच फॉलो करायचा. त्या विषयावरच्या पोस्ट होमवर यायला लागतात, त्यातून माणसं सापडतात. मॅस्टोडॉन म्हणजे एकमेकांना जोडलेले अनेक वेगवेगळे सर्व्हर, आपलं खातं त्यातल्या एकावर असतं. फक्त तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचलेल्याच पोस्ट दिसतात, त्यामुळे अगदी छोट्या सर्व्हरवर हॅशटॅगही सुनासुना वाटतो. मला त्यासाठीच सर्व्हर बदलावा लागला. आधी नव्या खात्याच्या सेटिंगमध्ये जुन्या खात्याचा पत्ता नोंदवायचा, मग जुन्या खात्यातून स्थलांतर सुरू करायचं. फॉलोअर आपोआप मागोमाग येतात. आपण ज्यांना फॉलो करतो ती यादी मात्र सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल म्हणून उतरवून नव्या खात्यात चढवावी लागते. जुन्या पोस्ट जुन्या घरीच राहतात. हे मला अजूनही खटकतं.

आणि हो, तिथले खासगी निरोप एंड-टू-एंड कूटबद्ध नसतात. सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवलं तर त्याला ते वाचता येतात. तसल्या गप्पांसाठी मी सिग्नल हे मेसेजिंग अ‍ॅप वापरतो.