हिवाळ्यात परदेशी शहरात महिनाभर
घर ठरवताना २८ रात्रींचा दर वेगळा विचारा. महिन्याची सवलत बहुधा तिथूनच सुरू होते. हीटिंगचा खर्च भाड्यातच आहे, हे लेखी घ्या, नाहीतर स्वस्त घर महागात पडतं. डिसेंबरअखेर व्हिएन्नात उजेड जेमतेम साडेआठ तास. म्हणून जुने चौक सकाळी उरका, संग्रहालयं दुपारनंतर. माद्रिदचं प्रादो संग्रहालय सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ मोफत असतं (रांग मात्र लांबलचक). पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या अनेक देशांसाठी एकच व्हिसा) किती दिवस छापलेत ते नीट वाचा. पोहोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. ३० दिवसांच्या व्हिसावर ३० रात्री बसत नाहीत. बर्फामुळे विमान रद्द होऊ शकतं, तेव्हा दोनतीन दिवस हाताशी ठेवाच.