बोल्ट आवळण्यापूर्वी टॉर्क कन्व्हर्टर तपासा

1967 ते 1972 च्या शेवरोलेट सी-10 पिकअपमधील सहा सिलिंडरचे इंजिन उतरवून 350 घन इंचांचे व्ही-8 आणि टर्बो 350 ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चढवताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सला पोहोचवणारा भाग) अर्धवट बसला, तर गिअरबॉक्समधील ऑइल पंप फुटू शकतो. म्हणून कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून, आत दाबत हाताने सावकाश फिरवावा. तो ‘खट्’ आवाज करीत टप्प्याटप्प्याने आत जातो, आणि पहिल्याच आवाजावर समाधान मानणे ही नेहमीची घाई. गिअरबॉक्सचे तोंड इंजिनाला सपाट भिडल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे व फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनाच्या मागील टोकाला बसवलेल्या पातळ चकतीपासून) त्याचे अंतर साधारण 3 ते 5 मिलिमीटर भरले पाहिजे; मगच तो पुढे ओढून बोल्ट लावावेत. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात फट दिसली, तर ती बोल्ट आवळून कदापि मिटवू नये.