थेरपी सुरू करून इन्शुरन्सकडे पैसे मागताना या चुका टाळा

अमेरिकेत इन्शुरन्सच्या नेटवर्कमधला, म्हणजे कंपनीशी करार असलेला, थेरपिस्ट मिळायला अनेकदा महिने जातात, आणि मराठीतून बोलणारा हवा असेल तर बहुधा नेटवर्कबाहेरच जावे लागते. तिथे पूर्ण फी आधी स्वतः भरायची आणि मग क्लेम करायचा. न्यू जर्सीत मी ओळखीच्या लोकांना असे क्लेम भरायला मदत करते, आणि त्याच त्या चुकांपायी त्यांचे पैसे बुडताना पाहून जीव तुटतो.

सर्वांत महागात पडते ते टक्केवारीवर विसंबणे. माझेच सांगते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी थेरपी सुरू केली. दर सेशनला फी २०० डॉलर. ‘डिडक्टिबल (दर वर्षी आधी स्वतःच्या खिशातून भरायची ठरावीक रक्कम) भरल्यावर ७० टक्के परत मिळतील’ असे इन्शुरन्स कंपनीने फोनवर सांगितले आणि मी वहीत १४० डॉलर लिहून मोकळी झाले. प्रत्यक्षात ते ७० टक्के कंपनीने त्या सेशनसाठी ठरवलेल्या ‘अलाउड अमाउंट’चे होते, आणि ती रक्कम होती १२० डॉलर, म्हणजे हाती येणार होते ८४. शिवाय नेटवर्कबाहेरचे १५०० डॉलरचे डिडक्टिबल वेगळे होते आणि त्यातही दर सेशनचे १२०च धरले जात. डिसेंबरअखेर १२ सेशन झाली, माझ्या खिशातून २४०० डॉलर गेले, कंपनीच्या हिशेबी १४४० जमा झाले. ६० डॉलर कमी पडले आणि १ जानेवारीला डिडक्टिबल पुन्हा शून्यापासून सुरू झाले. त्या वर्षी एक डॉलरही परत आला नाही.

तेव्हापासून मी पहिल्या सेशनआधी फोन करून कोड सांगूनच विचारते: ‘९०७९१, ९०८३४ आणि ९०८३७ यांची या थेरपिस्टच्या झिपकोडमधली अलाउड अमाउंट किती?’ पहिला कोड सुरुवातीच्या तपासणीचा, पुढचे दोन ४५ आणि ६० मिनिटांच्या सेशनचे. उत्तरादाखल पुन्हा टक्केवारीच ऐकवली, तर मी डॉलरमधला आकडा लेखी मागते, आणि तारीख, बोलणाऱ्याचे नाव व रेफरन्स नंबर लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवत नाही. होल्डवर अर्धा तास थांबायचा कंटाळा करून थेट अपॉइंटमेंट घेणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की हा अर्धा तास द्याच.

प्लॅन एचएमओ किंवा ईपीओ, म्हणजे सहसा फक्त नेटवर्कमधल्या सेवांचे पैसे देणारा, असेल, तर नेटवर्कबाहेरच्या नियमित थेरपीचे पैसे सहसा मिळतच नाहीत.

दुसरी चूक आपल्या लोकांत फार दिसते, आणि तिच्यामागची भीती मला समजते. ‘आजाराचे निदान कागदावर नको’ म्हणून थेरपिस्टला सुपरबिलावरचा, म्हणजे क्लेमसाठी तो देतो त्या तपशीलवार बिलावरचा, निदानाचा कोड गाळायला लावतात आणि मग क्लेम नामंजूर होतो. झेड ६३.०, म्हणजे नवरा-बायकोच्या नात्यातल्या अडचणींचा कोड, एकटाच असला तरी बहुतेकदा पैसे मिळत नाहीत. याउलट, चिंताविकार नसतानाही ‘एफ ४१.१ लिहून द्या, म्हणजे पास होईल’ किंवा ‘४५ मिनिटांची ६० करा’ अशी गळ घालणारेही भेटतात. ही सरळसरळ फसवणूक आहे. त्यात थेरपिस्टचे लायसन्स जाऊ शकते, आणि ज्याच्यासमोर मन मोकळे करायचे त्यालाच खोटे लिहायला लावणे मला अजिबात पटत नाही. इन्शुरन्सकडे नोंद खरोखरच नको असेल, तर क्लेम न करता फी भरावी आणि ती परवडत नसल्यास कमी करण्याबाबत थेरपिस्टशी मोकळेपणाने बोलावे. क्लेम न करणाऱ्याला अंदाजित खर्च लेखी देणे २०२२ पासून थेरपिस्टवर बंधनकारक आहे.

क्लेमचा तपशील देणारे कंपनीचे पत्रक, म्हणजे ईओबी, सहसा पॉलिसी ज्याच्या नावावर असते त्याच्याकडे जाते. नवऱ्याच्या किंवा आई-वडिलांच्या पॉलिसीवर असणाऱ्यांनी ते वेगळ्या पत्त्यावर पाठवण्याची लेखी विनंती पहिल्या क्लेमपूर्वीच करावी.

सुपरबिले वर्षभर साठवू नका. काही प्लॅनमध्ये क्लेमची मुदत ९० दिवसांचीच असते. मी सुपरबिले महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाठवते, आणि पाठवण्यापूर्वी थेरपिस्टचा दहा आकडी एनपीआय (ओळख क्रमांक) व टॅक्स आयडी बोट ठेवून वाचते.

नकार आला की लोक कागद फाडून टाकतात. आधी ईओबीच्या तळाशी छापलेले कारण वाचावे. एखादा आकडा चुकला असेल तर दुरुस्त सुपरबिल पुन्हा पाठवून काम होते. नाहीच झाले, तर बहुतेक प्लॅनमध्ये नकार कळल्यापासून १८० दिवसांत अपील करता येते, आणि फोनवर मिळालेला तो रेफरन्स नंबर त्या पत्रात पहिल्या ओळीत लिहावा.