लंडनचा मिलेनियम पूल कसा बघावा: आधी खालून, मग वरून

लंडनला लेकीकडे किंवा मुलाकडे गेलेले आपल्यातले बहुतेक जण टॉवर ब्रिजपाशी उभं राहून फोटो काढतात आणि लंडनचा पूल बघून झाला म्हणतात. तिथून थेम्सच्या काठाकाठाने पश्चिमेला अर्धा तास चाललं की मिलेनियम पूल लागतो. फक्त पायी चालणाऱ्यांसाठी बांधलेला, बारीक, चकचकीत. त्याच्यावरून लोक पाच मिनिटांत पलीकडे जातात आणि काहीच न बघता जातात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हे लिहिते आहे.

बांधकाम खात्यात पुलांच्या पाहणीवर माझी एकतीस वर्षं गेली. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. पाहणी म्हणजे गाडी पुलावर उभी करून इकडेतिकडे बघणं नव्हे. आधी पात्रात उतरायचं, खांबाच्या पायाशी माती किती वाहून गेली ते बघायचं, मान वर करून स्लॅबचं पोट बघायचं, बेअरिंगपाशी हात लावायचा, आणि सगळ्यात शेवटी वर चढायचं. पूल काय काम करतो ते खालूनच कळतं. वरून फक्त रस्ता दिसतो. या पुलाच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं आहे.

त्यासाठी वेळ नीट निवडावी लागते. थेम्सला लंडनमध्ये भरती-ओहोटी असते, दिवसातून दोनदा, आणि पाणी सात मीटरपर्यंत वरखाली होतं. म्हणजे दोन मजली घराएवढं. पहिल्या खेपेला मी हे न बघताच गेले. भर भरतीची वेळ होती, पाणी काठाच्या भिंतीला थापा मारत होतं, किनारा म्हणून काही उरलाच नव्हता आणि खांबांचा खालचा भाग बुडालेला होता. दुसऱ्यांदा लेकीने फोनवर लंडन ब्रिजपाशची ओहोटीची वेळ काढून दिली आणि मी ओहोटीच्या अर्धा तास आधी पोचले. तुम्हीही तसंच करा. सकाळची ओहोटी असलेला दिवस मिळाला तर उत्तम, कारण दहानंतर पुलावर गर्दी सुरू होते.

ब्लॅकफ्रायर्स स्टेशनला उतरा. हे स्टेशनच नदीवर आहे, फलाट या काठापासून त्या काठापर्यंत पसरलेले, छतावर सौरपट्ट्या. बाहेर पडताना दक्षिण काठाचा दरवाजा घ्या, म्हणजे बँकसाइडचा. उत्तरेकडून बाहेर पडलात तर पुढचा सगळा क्रम उलटा होईल. बाहेर आल्यावर नदीत लाल रंगाचे जाडजूड खांब ओळीने उभे दिसतील, डोक्यावर काहीही नसलेले. १८६४ सालच्या जुन्या रेल्वेपुलाचे ते खांब आहेत. वरचा पूल १९८५ मध्ये काढला. मी तिथे नेहमी थोडी थांबते. खांब एवढे धडधाकट आणि ओझं मात्र निघून गेलेलं, हे बघून आत काहीतरी हलतं. तिथून नदी डाव्या हाताला ठेवून पूर्वेकडे सात-आठ मिनिटं चाला. उजवीकडे विटांची उंच चिमणी दिसली की पोचलात.

आता वर चढू नका. पुलाच्या बरोबर खाली, काठाच्या कठड्याला टेकून उभे राहा.

पुलाला तीन गाळे आहेत, गाळा म्हणजे दोन आधारांमधलं अंतर. तुमच्या डोक्यावरून सुरू होणारा १०८ मीटरचा, मधला १४४ चा आणि पलीकडचा ८१ चा. हा झुलता पूल आहे, पण झुलत्या पुलाला असतात तसे उंच मनोरे कुठेच नाहीत. दोनच खांब, आणि त्यांच्या माथ्यावरून दोन बाजूंना पसरलेले हात, जशी सुपली धरायला माणूस दोन्ही हात पुढे करतो तसे. त्या हातांवरून दोन्ही बाजूंना चार-चार केबल जातात. केबलचा झोल बघा, म्हणजे ती मध्ये किती खाली लोंबते ते. नेहमीच्या झुलत्या पुलात झोल गाळ्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा ठेवतात, म्हणजे इथे चौदाएक मीटर हवा होता. प्रत्यक्षात तो फक्त २.३ मीटर आहे. वरून चालताना केबल डोळ्यांच्या आड येऊ नयेत, सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट मोकळा दिसावा, म्हणून हा खटाटोप.

याची किंमत कशी मोजावी लागते ते कपडे वाळत घालायच्या दोरीवरून कळतं. दोरी सैल बांधली तर ओले कपडे टाकल्यावर मध्ये लोंबते, पण खिळ्यांवर ताण कमी येतो. तीच दोरी ताणून सपाट ठेवायची म्हटली तर खिळे उपटून निघतात. इथल्या केबलमध्ये सुमारे २,००० टनांचा ताण आहे, आणि तो सगळा दोन्ही काठांच्या जमिनीत गाडलेल्या पायाच्या बांधकामाने धरून ठेवलाय. नुसतं पलीकडे जायचं म्हटलं तर हे कोणाच्या लक्षात येत नाही. खालून दोन मिनिटं बघितलं तर ती ताणलेली दोरी डोळ्यांना जाणवते.

आता पोटाकडे बघा, कारण पुलाची खरी गोष्ट तिथे आहे. १० जून २००० ला हा पूल लोकांसाठी उघडला. लंडनच्या मध्यभागात टॉवर ब्रिजनंतर, म्हणजे १८९४ नंतर, थेम्सवर झालेला हा पहिला नवा पूल. वास्तुरचना नॉर्मन फॉस्टर यांची, शिल्पकार अँथनी कॅरो, अभियंते अरुप ही कंपनी. पहिल्याच दिवशी हजारोंनी लोक आले आणि पूल आडवा हलायला लागला. वर-खाली नाही, डावी-उजवीकडे, मधल्या गाळ्यात सात सेंटिमीटरपर्यंत. दोन दिवसांत पूल बंद करावा लागला.

झालं काय, तर आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला थोडं बाजूला ढकलतो, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. साधारण सेकंदाला दोन पावलं, म्हणजे सेकंदाला एक पूर्ण झोका. पुलाचा आपला स्वतःचा आडवा झोकाही त्याच्या आसपासचाच होता. थोडासा हलल्याबरोबर लोक तोल सावरायला पाय फाकवून, पुलाच्या लयीत पाऊल टाकायला लागले, आणि त्यामुळे तो आणखी हलला. दिंडीत पावली खेळताना शंभर पाय एका ठेक्यात पडतात ते टाळ-मृदंगामुळे. इथे टाळ कोणी वाजवत नव्हतं, ठेका पुलानेच धरला आणि लोकांनी त्याला साथ दिली. सैन्य पुलावरून जाताना पावलं मोडून चालावं हे जुनंच ज्ञान आहे. लंडनमध्येच अल्बर्ट ब्रिजवर तशी सूचना देणारा फलक आजही लावलेला आहे. पण इथे कवायत नव्हती, साधी माणसं आपापल्या चालीने चालली होती. आडव्या झोक्याचा हा धडा या पुलाने जगभरच्या अभियंत्यांना शिकवला, आणि त्यानंतर पादचारी पुलांची गणितं करताना तो धरला जातो.

उपाय काय केला ते तुमच्या डोक्यावरच आहे. पोटाला इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरके दांडे लावलेले दिसतील आणि त्यांच्या टोकाशी नळकांडी. स्कूटरच्या मागच्या चाकाला असतो तो शॉकअप आठवा, जवळपास तीच कल्पना: आतला दट्ट्या दाट द्रवातून सरकतो आणि झोक्यातली ताकद खाऊन टाकतो. अशी ३७ बसवली आहेत, काही पोटाशी, काही खांबांपाशी. शिवाय स्प्रिंगवर ठेवलेली पन्नासेक वजनं आहेत, ती वर-खाली कंप जिरवतात. फेब्रुवारी २००२ मध्ये पूल पुन्हा उघडला. बिघडलेलं काम झाकून न ठेवता सगळ्यांसमोर मोजून, तपासून दुरुस्त केलं, म्हणून या पुलाबद्दल मला मनापासून आदर आहे.

ओहोटीला खालचा किनारा उघडा पडतो, गोटे, विटांचे तुकडे, जुन्या मातीच्या चिलमींचे दांडे दिसतात. उतरायचा मोह होतो. नियम लक्षात ठेवा: तिथली वस्तू शोधायला, उचलायला, उकरायला पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो. नुसतं नजरेने शोधत फिरण्यालाही. पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि पाणी परतताना झपाट्याने चढतं. पन्नाशी ओलांडलेल्यांनी वरूनच बघावं असं माझं स्पष्ट मत आहे. वरूनही भरपूर दिसतं.

आता चढा. दक्षिणेकडचा चढाव आधी नदीकडे पाठ करून जातो आणि मग वळतो. वळलात की समोर एकदम पूल, पाणी आणि घुमट. दक्षिणेकडून उत्तरेला जा असं मी म्हणते त्याचं हे एक कारण. दुसरं उजेडाचं: ऊन तुमच्या मागून येतं आणि घुमटाच्या तुमच्याकडच्या अंगावर पडतं. उलटे आलात तर समोर टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाची चिमणी, तीही बघण्यासारखी. पूर्वीचं वीजघर ते, चिमणी ९९ मीटर, मुद्दाम घुमटाहून बुटकी ठेवलेली. पण ती डोळ्यांवर ऊन घेऊन बघावी लागते.

पूल चार मीटर रुंद आहे. कडेने चाला, मधून सायकल हातात धरून नेणारे आणि घाईत कामावर जाणारे असतात. टोपी हातात घ्या, मधल्या गाळ्यावर वारा जोरात लागतो. मध्यावर पोचलात की कठड्यावर तळहात सपाट ठेवा आणि शाळेच्या मुलांचा घोळका जाईपर्यंत थांबा. बारीक थरथर हाताला लागते. माझ्या नातीने हात ठेवला आणि विचारलं, “आजी, हा जिवंत आहे?” मी म्हटलं, “हो गं, फक्त आता शांत झालाय.”

आणि खाली बघत चाला. तक्ता ॲल्युमिनियमचा आहे, त्याला खाचा आहेत, आणि त्या खाचांत लोकांनी थुंकलेलं च्युइंगगम चिकटून बसलंय. बेन विल्सन नावाच्या चित्रकाराने गेली कित्येक वर्षं त्या वाळलेल्या गोळ्यांवर चित्रं काढली आहेत. गोळा आधी तापवून सपाट करायचा, मग रंग, मग वर लाखेचा थर. एकेक चित्र अंगठ्याच्या नखाएवढं. मी गुडघ्यावर बसून एक नीट बघितलं: निळं आकाश, पिवळं घर, त्यावर केसाएवढ्या ब्रशने लिहिलेलं कोणाचं तरी नाव. लहान मुलं बरोबर असतील तर चित्रं शोधायला त्यांना पुढे सोडा, ती तुमच्यापेक्षा लवकर सापडवतात.

कधी दुरुस्ती चालू असेल तर पुलाखाली लोंबणारी गवताची पेंढी बघायला मिळू शकते. नदीवरचा जुना नियम आहे, पुलाखालची उंची कमी झाली की नावाड्यांना कळावं म्हणून दिवसा पेंढी टांगायची आणि रात्री पांढरा दिवा लावायचा. २०२३ मध्ये याच पुलाखाली ती टांगली होती.

पूल चोवीस तास खुला, तिकीट नाही. स्वच्छतागृह टेट मॉडर्नमध्ये आहे, तिथे आत जायलाही पैसे लागत नाहीत, म्हणून चढण्याआधीच उरका. उत्तरेकडे उतरल्यावर पायऱ्या लागतात. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी असेल तर पायऱ्यांच्या कडेने तिरकी सरकणारी लिफ्ट आहे, पण ती चालू आहे का ते आधी बघा. पुढे पाच मिनिटांत सेंट पॉल. आत जायला तिकीट आहे, आणि त्यासाठी वेगळा अर्धा दिवस ठेवा.

वेळ असेल तर सहा तास इकडेतिकडे काढून त्याच जागी, पुलाखालच्या त्याच कठड्याशी परत या. सकाळी पाहिलेले गोटे आणि पायऱ्या पाण्याखाली गेलेल्या असतील, खांब निम्मे बुडालेले असतील, आणि पाणी तुमच्या पायांपासून हाताभर खाली लागलेलं असेल.