टायटॅनियमच्या जाड प्लेटवर वॉटरजेटने अचूक काप घेताना

ग्रेड ५ टायटॅनियम, म्हणजे सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू, उष्णता फारशी वाहून नेत नाही. त्यामुळे मिलिंग करताना उष्णता कटरच्या धारेपाशीच साचते आणि धार लवकर जाते. प्लाझ्मा किंवा लेझरने कापल्यास कडेवर उष्णतेने बदललेला थर राहतो. मोहम्मद हशीश यांनी १९८० च्या सुमारास अमेरिकेत विकसित केलेल्या, पाण्याच्या झोतात अपघर्षक (घासून कापणारे) कण मिसळण्याच्या वॉटरजेट तंत्राला या दोन्ही अडचणी जाणवत नाहीत. मात्र हे हत्यार लवचीक आहे: झोत जाडीतून जाताना मागे वाकतो, पसरतो, आणि त्याला आकार देणारी नळी रोज थोडी थोडी झिजत असते. पुढील मार्गदर्शन २० मिलिमीटर जाडीच्या प्लेटसाठी आहे.

अचूकता हवी असली की अनेक जण आधी पंपाचा दाब वाढवतात; माझ्या मते सुरुवात कटिंग हेड, म्हणजे झोत सोडणारा भाग, उघडून करावी. सुमारे ४,००० बार दाबाचे पाणी नीलमणी किंवा हिऱ्याच्या ओरिफिसमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, सेकंदाला ८०० मीटरहून अधिक वेगाने बाहेर पडते. ओरिफिसच्या कडेला टवका उडालेला असेल किंवा त्यावर क्षार साचले असतील, तर झोत कण मिसळणाऱ्या मिक्सिंग चेंबरमध्येच विस्कटतो आणि त्याला आकार देणारी नळी, म्हणजे फोकसिंग ट्यूब, एका बाजूने झिजू लागते. ट्यूबचा आतील व्यास ओरिफिसच्या साधारण तिप्पट असावा, ०.२५ मिलिमीटरच्या ओरिफिसबरोबर ०.७६ मिलिमीटरची ट्यूब ही नेहमीची जोडी आहे. ट्यूबचे तोंड पिन गेजने (ठराविक व्यासाच्या मापन-पिनेने) तपासावे. झिजेमुळे कापाची रुंदी ०.१ मिलिमीटरने वाढली आणि ऑफसेट (कापाच्या निम्म्या रुंदीसाठी प्रोग्रॅममध्ये दिलेली सूट) जुनाच राहिला, तर जॉबची, म्हणजे कापून काढायच्या भागाची, प्रत्येक कड ०.०५ मिलिमीटर आत सरकते आणि बाहेरचे माप ०.१ मिलिमीटरने कमी भरते. तोंड लंबगोल झाले असेल, तर एक्स आणि वाय दिशेतील मापे वेगवेगळी येतात. ट्यूब ठराविक तासांनी पाव फेरा फिरवण्याची सवय याचसाठी लावायची.

झोतात मिसळायचे अपघर्षक, म्हणजे गार्नेट, ८० मेशचे (मेश म्हणजे कणांच्या बारीकपणाचा क्रमांक), कोरडे आणि चाळलेले घ्यावे. या जोडीला मिनिटाला ३०० ग्रॅमच्या आसपास प्रवाह पुरतो. गार्नेट दुप्पट सोडले म्हणून गती दुप्पट होत नाही, ती जेमतेम एक तृतीयांशाने वाढते, आणि इतक्या अरुंद ट्यूबमध्ये चोंदण्याचा धोका मात्र नक्की वाढतो.

प्लेट टाकीतील झिजलेल्या आधार-पट्ट्यांवर थेट ठेवू नये, कारण पट्टीवर आपटून परतलेला झोत जॉबच्या खालच्या बाजूवर ओरखडे पाडतो. प्लेट पाण्याने सरकणार नाही अशी क्लॅम्प करावी, आणि सुटा झालेला लहान जॉब कलंडून हेडला धडकू नये म्हणून प्रोग्रॅममध्ये बारीक टॅब, म्हणजे जॉबला प्लेटशी जोडून ठेवणारे न कापलेले दुवे, ठेवावेत. ट्यूबचे टोक पृष्ठभागापासून २ मिलिमीटरच्या आसपास असावे. अंतर वाढले की वरची कड गोलावते.

खऱ्या जॉबआधी त्याच प्लेटच्या कोपऱ्यातून २५ मिलिमीटरचा चौकोन कापून पाहावा, हा टप्पा कधीही गाळू नये. चौकोनाची रुंदी वर आणि खाली मोजावी. गती जास्त असेल तर काप वर रुंद आणि खाली अरुंद होतो, म्हणजे चौकोन खाली मोठा भरतो. हा फरक ०.१६ मिलिमीटर असेल तर प्रत्येक बाजूला ०.०८ येतो, २० मिलिमीटर जाडीला हा सुमारे ०.२३ अंशाचा टेपर, म्हणजे कडेचा तिरकेपणा, झाला. पाच अक्षांचे हेड तेवढे कलवता येते. साध्या यंत्रावर गती कमी करणे एवढाच उपाय उरतो, पण फारच हळू गेल्यास टेपर उलटा होऊन काप खाली रुंदावतो. सॉफ्टवेअरमधील कडेच्या सफाईच्या १ ते ५ या दर्जांपैकी पाचवा दर्जा पहिल्याच्या साधारण एक षष्ठांश गतीने कापतो, आणि वेळेचा खर्च तिथेच वाढतो; म्हणून पाचवा दर्जा दुसऱ्या भागाशी जुळून बसणाऱ्या पृष्ठभागांपुरताच ठेवून उरलेली कड तिसऱ्या दर्जाने कापणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. कोपऱ्यावर आणि लहान त्रिज्येवर मात्र गती कमी करावीच लागते, कारण झोताचा तळ मागे रेंगाळत असतो आणि वरची रेषा वळली तरी खालची सरळ पुढे निघून जाते.

झोत टायटॅनियममध्ये शिरत असताना परतणारे पाणी वर उसळते, म्हणून छिद्र कामाच्या रेषेपासून दूर, टाकाऊ भागात पाडावे. कार्बन फायबरच्या लॅमिनेटवर हीच कृती जशीच्या तशी करू नये. तिथे गार्नेट पोहोचण्याआधी नुसते पाणी घुसले तर ते थरांमध्ये शिरून त्यांना सोडवते. दाब कमी ठेवून, गार्नेटचा प्रवाह आधी सुरू होईल अशा व्यवस्थेने छिद्र पाडावे, नाहीतर ड्रिलने आधीच भोक घ्यावे.

कापलेल्या टायटॅनियमच्या कडेत गार्नेटचे सूक्ष्म कण रुतून राहतात. वारंवार ताण सोसणाऱ्या भागासाठी ही कड अंतिम मानू नये. मिलिंगसाठी प्रत्येक बाजूला किमान अर्धा मिलिमीटर माल शिल्लक ठेवावा आणि पुढच्या यंत्रावर चढवण्याआधी जॉब स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावा, म्हणजे सुटे गार्नेट त्या यंत्राच्या गाइडवेमध्ये (सरकमार्गांमध्ये) जाणार नाही.